जनरेटर आपल्या खळ्यात, वायरमन खांबावर

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

आगोट जवळ आली. लाकडं पडवीत रचून झाली, मसाले कुटून झाले, सुकं म्हावरं डब्यात भरलं. साखरी नाट्याला होड्या वर ओढायची घाई सुरू आहे. दरवर्षीच्या या यादीत हल्ली एक नवी वस्तू आली आहे, ती म्हणजे जनरेटर. कुणाच्या मुलाने मुंबईहून पाठवलेला, कुणी मंडपवाल्याकडून जुना घेतलेला, कुठे गटाने मिळून आणलेला. आमच्या गटातही यंदा तोच विषय निघाला. आंब्याचा रस, कोकम, मासळी असा माल ठेवायला डीप फ्रीजर आहे. दोन दिवस लाईट गेली की त्यातला माल टाकून द्यायची वेळ येते आणि त्यासोबत बारा-पंधरा घरांची मेहनतही जाते.

जनरेटर घ्यावा की नाही यावर वाद नव्हता. वाद झाला तो जोडायचा कसा यावर. एकीचं म्हणणं, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये. झालं, सगळी खोली उजळते, खर्च काही नाही. असं करणारी घरं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. आज आम्ही सांगणार आहोत ते त्याच वायरीबद्दल. ती वायर का करायची नाही आणि तिच्याऐवजी काय करायचं, एवढाच आजचा विषय.

आधी वीज आपल्या घरात येते कशी ते बघू. गावाबाहेरून ११,००० व्होल्टची लाईन डीपीपर्यंत येते. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो ११,००० चे आपल्या घरापुरते २३०-२४० व्होल्ट करतो. तिथून खांबाखांबाने वीज येते, मग सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच आणि शेवटी आपला प्लग. आपल्याला वाटतं वीज या एकाच दिशेने चालते. पण तारेला दिशा कळत नाही. पाण्याच्या पाइपात वरून पाणी येतं तसं खालून पंप लावला तर वरही चढतं. तसंच विजेचं आहे.

भिंतीतल्या प्लगमध्ये जनरेटरची वीज सोडली की ती आपल्या बल्बात जाते, पंख्यात जाते आणि मेन स्विच चालू राहिला असेल तर मीटरमधून उलटी बाहेर खांबावरही जाते. खांबावरून डीपीत. आता गंमत अशी, की डीपी उलटाही चालतो. एका बाजूने ११,००० घातले तर दुसरीकडे २४० निघतात, तसे या बाजूने २३० घातले तर त्या बाजूला दहा हजारांच्या घरात व्होल्ट निघतात. आपल्या खळ्यात फटफट करणारं छोटं यंत्र गावाबाहेरच्या मोठ्या तारेत जीवघेणी वीज भरू शकतं.

कुणी म्हणेल, एवढासा जनरेटर, सगळ्या वाडीचे बल्ब-पंखे त्याच्यावर आले तर तो लगेच धापा टाकून बंद पडेल. पुष्कळदा तसंच होतं. म्हणून तर लोकांना वाटतं की यात धोका नाही. पण वादळात काय होतं? तारा तुटतात, जम्पर सुटतात. आपल्या घरापासून दोन खांबांवर तार तुटली असेल, तर मधे बोजा टाकायला दुसरं घरच नसतं. जनरेटर आरामात चालतो आणि तो तेवढा तारेचा तुकडा जिवंत राहतो. आणि वायरमन दुरुस्तीला नेमका त्याच तुकड्यावर चढतो.

मैत्रिणींनो, वादळं आपल्याला नवी नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगड भागाने काय सोसलं ते आठवा. खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे काळोखात राहिली. पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ ला, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं. राजापूरच्या किनारपट्टीने तेव्हाचे छपरावरचे पत्रे आणि तुटलेले माड विसरलेले नाहीत. अशा वेळी महावितरणची आपल्या भागातली माणसं पुरत नाहीत. घाटावरून दुसऱ्या जिल्ह्यांतल्या टोळ्या येतात. त्या माणसांना आपली वाडी माहीत नसते, कुणाच्या घरी जनरेटर आहे हे माहीत नसतं. ते लाईन बंद करून, तपासून, तार जमिनीला जोडून काम करतात. तशी त्यांची शिस्त असते. पण पाऊस, अंधार, दिवसभराचा थकवा, आणि खाली लोक विचारतायत की लाईट कधी येणार. त्यात आपण मागच्या दाराने तारेत वीज सोडायची आणि त्यांच्या शिस्तीची परीक्षा बघायची, हे कुठल्याच माणुसकीत बसत नाही. तोही कुणाचा तरी घरधनी असतो, कुणाचा मुलगा असतो. घरी त्याची वाट बघणारी बाई आपल्यासारखीच असते.

ती दोन पिनांची वायर घरातल्या माणसांनाही सोडत नाही. जनरेटर चालू असताना भिंतीतली पिन निसटली, तर हातात येतात त्या उघड्या, जिवंत पितळी पिना. लहान पोराने ओढली तर? आणि जनरेटर चालू असताना वरून लाईट आली तर दोन विजा समोरासमोर येऊन आदळतात. जनरेटर जळतो, वायरिंग पेटू शकतं.

कुणी म्हणेल, आम्ही आठवणीने मेन स्विच बंद करतो. करत असाल. पण काळोखात, पावसात, पाहुणे आलेले असताना, घरातल्या दुसऱ्याच कुणी जनरेटर सुरू केला तर? सुरक्षा आठवणीवर ठेवायची नसते. विसरलं तरी अपघात होणारच नाही अशी व्यवस्था करायची असते. त्या व्यवस्थेचं नाव आहे चेंजओव्हर स्विच.

हा स्विच मीटर आणि मेन स्विचच्या पुढे, घराच्या वायरिंगच्या आधी बसतो. त्याला तीन जागा असतात. एका बाजूला महावितरणची लाईट, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे बंद. दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो. म्हणजे घर एक तर खांबाला जोडलेलं असेल नाही तर जनरेटरला. दोन्हींना एकदम जोडणं त्या स्विचमध्ये शक्यच नसतं. जनरेटरच्या किमतीपुढे याची किंमत थोडी असते. आमच्या गटात हिशेब मांडला तेव्हा ठरलं, स्विच बसवायचे पैसे नसतील तर जनरेटर पुढच्या वर्षी घेऊ, पण स्विचशिवाय घ्यायचा नाही.

हा स्विच घेताना आणि बसवताना चार गोष्टी विचारा. पहिली, घराच्या सिंगल फेजला स्विच दोन पोलचा हवा. म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा तुटल्या पाहिजेत. नुसती फेज तोडली तर न्यूट्रल खांबाला जोडलेलीच राहते आणि बिघाड झाला तर तिच्यातूनही वीज बाहेर जाऊ शकते. भातगिरणीसारखं थ्री फेज असेल तर चार पोलचा लागतो, आणि मोटर उलटी फिरत नाही ना हे पहिल्याच दिवशी बघून घ्यायचं.

दुसरी, मुख्य लाईनच्या बाजूला एक छोटा दिवा लावून घ्या. घर जनरेटरवर चालू असताना खांबावर लाईट आली की तो पेटतो. नाहीतर आपल्याला कळणार कसं? शेजारी विचारत बसावं लागतं.

तिसरी, अर्थिंग. जनरेटरची बॉडी जमिनीला नीट जोडलेली हवी. त्याची न्यूट्रल कुठे आणि कशी अर्थ करायची हे जाणकाराने ठरवायचं, कारण घराला शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी नीट चालणं त्यावर अवलंबून असतं. आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. त्यात पाणी घालत राहा. शिवाय आपल्याकडे खारी हवा. तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवा थर चढतो, स्क्रू गंजतात, जोड ढिला होऊन तापतो. दर आगोटीला एकदा स्विच, जोड आणि अर्थिंग तपासून घ्यायचं. छप्पर शाकारतो तसंच हे एक काम धरा.

चौथी, हे काम घरच्या हौशी माणसाने करायचं नाही. परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच वायरिंगचं काम करून घ्यावं, असं सुरक्षेचे सरकारी नियम सांगतात. त्याचा परवाना मागायला लाजू नका. आपण गटाचं कर्ज घेताना दहा कागद दाखवतो, त्याने एक दाखवावा. मीटरच्या सीलला मात्र कुणालाच हात लावू देऊ नका. मोठा जनरेटर बसवायचा असेल तर विद्युत निरीक्षकांची तपासणी लागते का, हेही त्यालाच विचारून घ्या. आणि छपरावर सौर पॅनल असतील तर आधीच सांगा.

सौर पॅनलचं एक ऐकण्यासारखं आहे. पुष्कळ बायका तक्रार करतात, ऊन कडक आहे, पॅनल चांगले आहेत, तरी गावातली लाईट गेली की सौरवरची लाईटही जाते. ते यंत्र बिघडलेलं नसतं. खांबावर वीज नाही हे ओळखून ते स्वतः बंद होतं, म्हणजे तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये. जी काळजी सौरच्या यंत्रात बनवतानाच घातलेली असते, ती छोट्या जनरेटरमध्ये नसते. तिथे ती काळजी म्हणजे आपला चेंजओव्हर स्विच.

आता स्विच बसला. लाईट गेली. काय करायचं त्याचा क्रम पाठ करा, मुलींनाही शिकवा. सगळी बटणं बंद करा. चेंजओव्हरचा दांडा मधे, बंदवर आणा. बाहेर जाऊन जनरेटर सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं तसाच चालू द्या. मग दांडा जनरेटरकडे टाका. नंतर एकेक वस्तू सुरू करा, आधी फ्रीजर, तो सुरू झाला की बाकीचं. लाईट परत आली की याच्या उलट. वस्तू बंद, दांडा मधे, मग दांडा लाईटकडे. जनरेटर दोन मिनिटं बिनबोजाचा चालवून बंद करा. हा क्रम आम्ही पुठ्ठ्यावर लिहून स्विचच्या शेजारी लावणार आहोत.

आणि स्विच अजून बसलेला नसेल, वादळ मात्र दारात आलं असेल तर? तर घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचाच नाही. जनरेटरवर स्वतःचे प्लग असतात. तिथून तीन तारांची जाड, चांगल्या आवरणाची एक्स्टेन्शन वायर थेट फ्रीजरपर्यंत, एक बल्बापर्यंत. भिंतीतल्या प्लगशी काही संबंध नाही. वायर दारात चेंगरू देऊ नका, तिचा जोड पागोळ्यांखाली किंवा पाण्याच्या डबक्यात येऊ देऊ नका. घर कमी उजळेल, पण सगळे जिवंत राहतील.

बोजाचा हिशेबही आपल्यालाच करता येतो. जनरेटरवरची पाटी वाचा. समजा, २ केव्हीए लिहिलंय. त्याचे साधारण १,६०० वॉट धरा. आता आमचा हिशेब ऐका. डीप फ्रीजर ३०० वॉट. एलईडी बल्ब ९ वॉटचे पाच, म्हणजे ४५. पंखे दोन, ७५ प्रमाणे १५०. मोबाइलचे चार्जर मिळून ४०. बेरीज ५३५. वाटतं की भरपूर जागा शिल्लक आहे. पण फ्रीजर सुरू होतानाचा पहिला ओढा तीन-चार पट असतो. ३०० चा क्षणभर १,२०० होतो. १,२०० आणि बाकीचे २३५ मिळून १,४३५. आता कुणी त्याच वेळी ७५० वॉटचा मिक्सर फिरवला तर झालं २,१८५, म्हणजे जनरेटरच्या ताकदीबाहेर. म्हणून मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचा गीझर, विहिरीवरचा पंप हे जनरेटरवर लावायच्या आधी हिशेब. एक हॉर्सपॉवरचा पंपसुद्धा चालताना हजार वॉटच्या आसपास घेतो, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट.

फ्रीजर दिवसभर चालवायचीही गरज नसते. झाकण न उघडता अर्धा भरलेला डीप फ्रीजर साधारण दिवसभर थंडी धरतो, गच्च भरलेला त्याहून जास्त. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चालवला तरी माल सांभाळता येतो आणि तेल वाचतं. फ्रीजरमध्ये काय कुठे ठेवलंय त्याची यादी झाकणावर चिकटवा, म्हणजे शोधायला झाकण उघडावं लागणार नाही.

आता दुसरा धोका, आणि तो तारेतून येत नाही, हवेतून येतो. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नसला तरी तो असतो. पावसात यंत्र भिजू नये, चोरीला जाऊ नये म्हणून लोक जनरेटर पडवीत आणतात, ओटीवर ठेवतात, जिन्याखाली, मांगरात ठेवून दार लावतात. आत माणसं निजलेली असतात. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, मग झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. खिडकी उघडी आहे, पंखा चालू आहे, म्हणून चालेल असं समजू नका. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. शेजारणीच्या खिडकीकडेही नको. पावसासाठी चार खांबांवर पत्रा टाका, बाजू चारही मोकळ्या ठेवा, खाली जांभ्याचा चौथरा करा. घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर जागरणामुळे असेल म्हणून बसू नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा, जनरेटर बंद करा, १०८ ला फोन करा.

पेट्रोल घालताना यंत्र बंद आणि थंड झालेलं हवं. तापलेल्या इंजिनावर चार थेंब सांडले तरी भडका उडतो. मेणबत्ती किंवा कंदील हातात घेऊन टाकी बघायला जाऊ नका, बॅटरी न्या. तेलाचा डबा चुलीपासून आणि मुलांपासून लांब. ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी स्विचला किंवा जनरेटरला हात लावायचा नाही.

कुणाला शॉक बसला आणि तो तारेला चिकटला, तर त्याला हात लावू नका. मेन स्विच बंद करा. पण लक्षात ठेवा, जनरेटर चालू असेल तर नुसता मेन बंद करून उपयोग नाही, जनरेटरही बंद करायला हवा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या बांबूने त्याला बाजूला ढकला, तेही स्वतः कोरड्या जागी उभं राहून. मग १०८. हे फक्त घरातल्या विजेसाठी. बाहेर खांबावरची तार माणसावर पडली असेल तर बांबू घेऊनही जवळ जायचं नाही. लांब थांबा, बाकीच्यांना थांबवा आणि लाईन बंद करायला महावितरणला कळवा.

वादळानंतर पाणंदीत, गडग्यावर तार पडलेली दिसली, तर अख्खा गाव काळोखात असला तरी ती जिवंत आहे असंच समजा. का, ते आता तुम्हाला कळलंय. वाडीतल्या एखाद्या घरात दोन पिनांची वायर लावलेली असू शकते. गुरांना तिकडे जाऊ देऊ नका, पोरांना लांब ठेवा, महावितरणच्या १९१२ या नंबरवर कळवा. आणि ओळखीचा वायरमन दिसला तर आपल्या घरी जनरेटर आहे हे त्याला आपणहून सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, हे पुरुषांना सांगा, जनरेटर तेच लावतात. खरं आहे. पण घरात दिवसभर असतो कोण? धूर कुणाच्या नाकात जातो? चाकरमानी गणपतीला चार दिवस येतात, आरास लावतात, जनरेटर जोडून देतात आणि परत जातात. मागे तो रोज सुरू करायचा असतो तो आपल्याला. ईदला, लग्नात, सत्यनारायणाला मंडपवाला जनरेटर आणतो, तो नेमका बायका जेवण रांधतात त्या मांडवाच्या पाठीशी ठेवतो. तेव्हा त्याला हटकायचं कुणी? आपणच. "भाऊ, तुझी वायर कशाला जोडलीस ते दाखव, आणि हे यंत्र पलीकडे ने." एवढं म्हणायला शिक्षण लागत नाही.

आपल्या या भागात मोठ्या विजेच्या चर्चा खूप झाल्या. जैतापूरचं नाव त्यापायी देशभर गेलं. त्याबद्दल प्रत्येकीचं मत वेगळं असेल, असू दे. आपल्या खळ्यातल्या छोट्या विजेबद्दल मात्र सगळ्या वाड्यांचं एक मत व्हायला काही हरकत नाही.

म्हणून आमची एक विनंती. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता झाला की पाच मिनिटं काढा आणि विचारा, कुणाकुणाकडे जनरेटर आहे, आणि तो कसा जोडलाय. ज्या घरात दोन पिनांची वायर असेल तिथे भांडायला जाऊ नका. दोघी-तिघी मिळून जा, आज आपण बोललो ते सांगा आणि ती वायर तिथेच कापून टाका. त्या घराला स्विचसाठी पैसे नसतील तर गटातून छोटं कर्ज द्या. शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, याला का नको? चार-पाच घरं मिळून ठेकेदार बोलावला तर त्याच्या फेरीचा खर्चही वाटून जातो.

मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आधी हे काम उरकूया. तुमच्या वाडीत किती वायरी कापल्या गेल्या ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.